कोपऱ्यातल्या कपाटाचा इतिहास



यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिणे म्हणजे किराणा सामानाची यादी आणि बचतगटाचे रजिस्टर, एवढीच सवय. परंतु मागच्या बैठकीत एक विषय निघाला आणि त्याने माझा विचार बदलला. आपल्या खोलीच्या कोपऱ्यात जे जुने लाकडी कपाट आहे, ज्यात आपण भजनाचे टाळ, पुस्तके आणि हिशेबाच्या वह्या ठेवतो, ते भंगारात द्यावे आणि त्या जागी लोखंडी कपाट आणावे, अशी सूचना आली. सूचना वाईट हेतूने झाली नाही, हे मला ठाऊक आहे. कपाटाची एक बिजागरी ढिली झाली आहे, पॉलिशही उडाले आहे. मी त्या दिवशी गप्प बसले. कारण ते कपाट माझ्या माहेराहून आलेले. मी बोलले असते तर स्वतःच्या वस्तूची बाजू घेतली असे झाले असते. परंतु घरी गेल्यावर चुटपुट लागली. निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा हेच योग्य. मात्र ज्या वस्तूचा निर्णय घ्यायचा तिची हकीकत आधी ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

हे कपाट मुळात कपाट नव्हेच. ती टीव्हीची पेटी आहे. आणि टीव्हीची पेटी होण्यापूर्वी ते एक घर होते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना फार सांगावयास नको. लहान मुलींसाठी मात्र सांगते. मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर आडव्या जाड तुळया, तुळयांवर जवळजवळ कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, आणि सर्वांच्या वर खारी पांढरी माती. असे सपाट छप्पर म्हणजे धाबे. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. उन्हाळ्याच्या रात्री झोपावयास आणि पापड-कुरड्या वाळवावयास वर अंगणासारखी जागा. परंतु दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकून चोपावी लागे. एक वर्ष जरी आळस झाला तरी पाणी आत झिरपे, आणि माती भिजली म्हणजे तिचे ओझे किती होते हे सांगून कळत नाही.

चिखली तालुक्यातील माझ्या माहेरचे घर असेच होते. आजोबांच्या वडिलांनी बांधलेले. त्यातील खांब, तुळया आणि माजघराचे दार सागाचे, बाकी कड्या कडूनिंबाच्या. आपल्या भागात चांगला साग उत्तरेकडून, मेळघाटच्या डोंगरातून येई. परतवाड्याचा लाकूड डेपो आजही प्रसिद्ध आहे. साग महाग का आणि लोक तोच का घेत, याचे कारण साधे आहे. सागाच्या अंगात तेल असते, त्यामुळे वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. आणि एकदा वाळला की तो फारसा फुगत नाही की आकसत नाही. पुढे १९७४ साली मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला, १९८० साली वनसंरक्षणाचा कायदा आला. जंगल वाचणे हे चांगलेच झाले. पण त्यामुळे घरातील जुन्या सागाची किंमत गावकऱ्यांना अधिकच कळू लागली.

१९८६ च्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या घराचे माजघर बसले. त्या वर्षी वडिलांच्या आजारपणामुळे धाब्यावर माती टाकली गेली नव्हती. आजी ओसरीत झोपली होती म्हणून वाचली. मी तेव्हा सहा वर्षांची. मला आठवतो तो आवाज नव्हे, तर सकाळी दिसलेला चिखलाचा ढीग आणि त्यातून वर आलेली तुळईची टोके, एवढेच.

तो ढीग उपसावयास चार मजूर बाया लावल्या होत्या. त्यांतील एकीला आम्ही मावशी म्हणत असू. नाल्यापलीकडे तिची वस्ती. तिने आणि तिच्या जावेने मिळून त्या तुळया, कड्या, खांब चिखलातून ओढून काढले, धुतले आणि गोठ्याच्या भिंतीशी उभे केले. माजघराच्या दाराच्या दोन्ही फळ्या तिने डोक्यावरून नेल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता थोडे टीव्हीविषयी सांगते, कारण त्याशिवाय ही पेटी का झाली हे समजणार नाही.

जॉन बेअर्ड नावाच्या गृहस्थांनी १९२६ साली लंडनमध्ये दूरवरचे चित्र पडद्यावर प्रथम लोकांना दाखविले. आपल्या देशात दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी हा प्रयोग सुरू झाला. तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस थोडा वेळ कार्यक्रम असे. रोजचे कार्यक्रम १९६५ पासून. आपल्या महाराष्ट्रात मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याच्या लोकांना ते दिसू लागले. मुंबई-पुण्याकडील आपल्या नातलगांनी ‘चिमणराव’ पाहिला तो याच काळात. वऱ्हाडात मात्र आपण आकाशवाणीवरच होतो. पहिल्या टीव्हीच्या पेट्या लाकडीच असत, कारण त्यापूर्वी रेडिओही लाकडी पेटीतच येत असे. टीव्हीला पुढे सरकती झडप, तिला कुलूप, खाली चार तिरपे पाय. दिवाणखान्यातील सन्मानाची वस्तू म्हणून तो बनविला जाई. त्या काळी रेडिओसारखा टीव्हीलाही सरकारी परवाना लागे. तो पुढे बंद झाला.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि त्याच वर्षी देशात रंगीत प्रक्षेपण आले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह वर गेला. १९८४ मध्ये तर देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यांतील गावांच्या धाब्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेने दिसू लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘हम लोग’ सुरू झाले. आणि २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता ‘रामायण’ सुरू झाले. यापुढे काय झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, बाया पहाटे उठून स्वयंपाक उरकीत, आणि कित्येक घरी टीव्हीला हार घालून उदबत्ती लावीत.

आमच्याकडे कापसाचा चुकारा हाती आला, तेव्हा वडिलांनी त्यातून वीस इंची काळा-पांढरा टीव्ही आणला. घराचे बसलेले माजघर अजून तसेच होते. आई म्हणाली, “आधी घर उभं करा, मंग टीव्ही आना.” आजोबा म्हणाले, “घर होईल माय, रामायन काही थांबत नाही.” आईचे म्हणणे बरोबर होते, हे आज मला कळते. परंतु टीव्ही आला. त्याला उंदरांपासून, धुळीपासून आणि आम्हा पोरांपासून जपावयास पेटी हवी होती. नवे लाकूड घेण्यास पैसे उरले नव्हते. गोठ्याशी उभे असलेले लाकूड होते.

आमच्या गावच्या सुतारबाबांना बोलाविले. ते वयस्क होते, आणि त्यांच्याच आज्याने ते घर बांधण्यास हात लावला होता असे ते सांगत. त्यांनी कड्या उलटसुलट करून पाहिल्या, नखाने टोकरल्या, वाकसाच्या पाठीने ठोकून आवाज ऐकला. ज्या कडीचा आवाज बद्द आला ती बाजूला, ती चुलीला. ज्या खणखणल्या त्या कामाला. निंबाच्या बहुतेक कड्या चुलीला गेल्या; सागाचे खांब आणि दार तेवढे कामाला आले. मी विचारले, “बाबा, हे तर जुनं झालं, मोडनार नाही?” ते म्हणाले, “पोरी, नवं लाकूड घरात आल्यावर वाकते. हे जेवढं वाकायचं तेवढं माह्या आज्याच्या काळात वाकून बसलं. आता हे हालत नाही.”

जुन्या लाकडाचे काम नव्यापेक्षा अवघड असते, हे मी तेव्हा पाहिले. पहिले दोन दिवस त्यांनी रंधा हातातही घेतला नाही. जंबुरीने खिळे उपटण्यातच ते गेले. एक खिळा आत राहिला तर आरा मशीनचे पाते तुटते, आणि मशीनवाला दुसऱ्यांदा दारात उभा करीत नाही. म्हणून ते प्रत्येक खांबावरून हात फिरवीत, ओल्या फडक्याने पुसून पाहत. जिथे गंजाचा काळा डाग दिसेल तिथे पटाशीने उकरीत. मग खांब बैलगाडीत घालून आरा मशीनवर नेले आणि त्यांच्या चिरफळ्या पाडून आणल्या. बाहेरून ते लाकूड धुराने आणि मातीने काळेकुट्ट झालेले. पण चिरल्यावर आतून जसे सोनेरी निघाले आणि अंगणात जो वास सुटला, तो मला अजून आठवतो. आजी ओसरीतून उठून आली आणि त्या चिरफळीवर हात ठेवून उभी राहिली. तिचे लग्न होऊन ती त्याच खांबाशेजारून घरात आली होती.

पेटीचे माप असे होते: रुंदी तीन फूट, उंची साडेतीन फूट, खोली दोन फूट. आज मुली विचारतात की एवढी खोल कशाला? तर त्या वेळच्या टीव्हीत काचेची मोठी चित्रनळी असे आणि ती मागे निमुळती होत जाई, म्हणून टीव्ही भिंतीला चिकटून बसत नसे. चौकट खांबांच्या लाकडाची. कोपरे खिळ्यांनी नव्हे, तर एका तुकड्याचे टोक बारीक करून दुसऱ्याच्या खाचेत बसवून, सरस लावून आणि बाहेरून लाकडी खुंटी ठोकून जोडलेले आहेत. तुम्ही जवळून पाहिले तर कोपऱ्याशी गोल खुंट्यांची डोकी दिसतील. पुढची दोन दारे म्हणजे माजघराच्या दाराच्या त्याच फळ्या, कापून लहान केलेल्या. उजव्या दारावर मध्येच लाकडाच्या गोल गुडदीने बुजविलेले भोक आहे. ‘हे काय?’ असे आपल्यातील दोघींनी मला विचारले होते. ती जुन्या दाराच्या कडीची जागा आहे.

एक चूक झाली होती, तीही सांगितली पाहिजे. सुतारबाबांनी टीव्हीची पेटी पूर्वी केली नव्हती. त्यांनी धान्याच्या कणगीसारखी ती मागून गच्च बंद केली. टीव्ही बसवावयास आलेल्या माणसाने पाहताच सांगितले की आतली हवा बाहेर जाणार नाही, टीव्ही तापून बिघडेल. सुतारबाबांना वाईट वाटले. परंतु ते वाद घालीत बसले नाहीत. त्यांनी मागची फळी काढली आणि तिच्या पट्ट्या करून दोन-दोन बोटांचे अंतर ठेवून पुन्हा बसविल्या. आपल्या पुस्तकांना कसर लागत नाही याचे एक कारण ती मागची हवा आहे, असे मला वाटते. शेवटी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने हात दिले. सगळे मिळून अकरा दिवस लागले.

आता मावशीची गोष्ट.

रविवारी आमच्या ओसरीत सारा गल्लीभर जमाव होई. पुरुष पुढे, बाया स्वयंपाकघराच्या दाराशी, पोरे जमिनीवर. नाल्यापलीकडच्या बायांना मात्र आत येण्याची मुभा नव्हती. तसे कोणी स्पष्ट बोलत नसे. पण त्या येत नसत आणि कोणी त्यांना या म्हणत नसे. मावशी आणि तिची जाऊ अंगणात उन्हात उभ्या राहून खिडकीच्या गजांतून पाहत. टीव्ही कोपऱ्यात तिरपा, खिडकीतून अर्धाच दिसे. ज्या दाराच्या फळ्या तिने डोक्यावरून वाहून नेल्या, त्याच फळ्या उघडून आम्ही आत बसून राम-सीता पाहत होतो, आणि ती बाहेर होती. मला तेव्हा हे कळत नव्हते. आईला कळत होते.

आईने आजीशी भांडण केले नाही. तिने एक दिवस सुतारबाबांना निरोप पाठविला आणि पेटीला खाली चाके बसवून घेतली. चाके कसली, तर मोटारीच्या जुन्या बेअरिंगा. पोरे ज्यांचे गाडे करून खेळतात त्या. आजोबांना सांगितले, “झाडताना पेटी सरकत नाही, मागे उंदीर होतात.” पुढच्या रविवारी सव्वानऊला आईने पेटी ढकलत ओसरीच्या कडेला आणली आणि तिचे तोंड अंगणाकडे केले. म्हणाली, “आत लई गरमी होते. आज सारेच अंगनात बसू.” आजीने तोंड फिरविले, आणि दोन रविवार ती घरातच पोथी वाचीत बसली. तिसऱ्या रविवारी ती बाहेर आली आणि तिच्या शेजारी कोण बसले आहे हे तिने पाहिले नसल्यासारखे केले. आमच्या घरात एवढे होण्यास तीन रविवार लागले. यात फार मोठे काही झाले असे मी म्हणत नाही. त्यानंतरही मावशीला आमच्या घरी वेगळ्या कपातच चहा मिळत असे, आणि तो कप मीच अनेकदा नेऊन दिला आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण इतिहास म्हटल्यावर आपल्या सोयीचेच लिहून चालत नाही.

१९८८ च्या जुलैअखेर रामायण संपले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ‘महाभारत’ सुरू झाले आणि १९९० च्या जूनपर्यंत चालले. तोवर गावात आणखी पाच-सहा टीव्ही आले. अंगणातला जमाव ओसरला. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा त्याचा टीव्ही झाला.

१९९३ साली मी सातवी झाले. पुढची शाळा दुसऱ्या गावी, एस. टी.ची वेळ गैरसोयीची, आणि घरात लहान भावंडे. शाळा सुटली. त्यानंतर लग्न होईपर्यंतची वर्षे ही पेटीच माझी शाळा होती. मुंबईच्या सातच्या मराठी बातम्या मी न चुकता पाही. नवा शब्द कानी पडला की वहीत लिहून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या घरी जाऊन त्याचा अर्थ विचारी. ‘अर्थसंकल्प’ हा शब्द मी तिथेच शिकले. आज आपल्या मंडळाचा जमाखर्च मी मांडते, त्याची सुरुवात त्या वहीपासून आहे.

पुढे रंगीत टीव्ही आला, तोही याच पेटीत बसला. मग भिंतीवर टांगायचे पातळ टीव्ही आले आणि दोन फूट खोल पेटीचे कामच उरले नाही. दूरदर्शनची जुनी प्रक्षेपण केंद्रेसुद्धा २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाली. भावाने सिमेंटचे घर बांधले तेव्हा पेटी अंगणात निघाली. तो म्हणाला, “ताई, नेतेस का? नाहीतर चुलीला जाईल.” माझ्या घरी जागा नव्हती. आपल्या मंडळाला तेव्हा पुस्तके ठेवावयास काहीच नव्हते. मी एक आडवी फळी टाकून घेतली आणि ती इथे आणली.

आपण सिंदखेड राजाला जातो तेव्हा जिजाऊंच्या माहेरचे दगडी महाद्वार डोळे भरून पाहतो. दगड जागचा हलत नाही, म्हणून त्याचा इतिहास लोकांना दिसतो. लाकडाचे तसे नाही. घर पडले की खांबाची तुळई होते, तुळईचे दार होते, दाराचा पाट होतो आणि शेवटी चूल. आपल्या आज्या-पणज्यांनी कोणतेही लाकूड एकदाच वापरून टाकले नाही. त्यांनी हे हौसेने केले नसेल, गरजेने केले असेल. पण त्यामुळेच जुन्या घरातील कितीतरी साग अजून आपल्या घराघरांत वापरात आहे. तुमच्याही घरी असा एखादा पाट, एखादी उखळाजवळची फळी असेल. तिचे मूळ घरातील वडील माणसांना एकदा विचारून पाहा.

तेव्हा माझी विनंती एवढीच. लोखंडी कपाट अवश्य आणावे. आपल्या वह्या वाढल्या आहेत, त्याची गरज आहे. त्यासाठी माझी वर्गणी मी पहिली देईन. पण हे जुने कपाट भंगारात देऊ नये. बिजागरी बदलावयास आणि लाखेचे दोन हात द्यावयास लागेल तो खर्च मी करीन. आणि ते बाईमाणसांच्या खोलीत कोपऱ्यात न ठेवता दाराजवळ ठेवावे, म्हणजे बाहेर ओट्यावर टेकणाऱ्या पोरीबाळींनाही आतली पुस्तके दिसतील. सरकवावयास त्रास होणार नाही. चाके अजून चांगली आहेत. मी मागच्या मंगळवारी तेल घालून पाहिले.

निर्णय आपण सर्वांनी मिळून घ्यावा. तो जो होईल तो मला मान्य आहे.